ऐंशी मीटरच्या पुढचा दोर

२ सप्टेंबर, मंगळवार

तुला,

आज दुपारी सव्वाचार वाजता आमच्या वर्कशॉपच्या रवानगीच्या फळ्यावर मावशी नंबर सतराच्या पुढे खडूने तुझ्या दादाच्या तुकडीचा आकडा लिहिला गेला, आणि तिथून माझं सगळं बदललं. लिहिणारा कारकून हात झटकून चहाला निघून गेला. मी तिथेच. माझ्या हातातला पाना कुणीतरी काढून घेतला तेव्हा कळलं, की मी बराच वेळ फळ्याकडे बघत उभा आहे.

तो आकडा मला पाठ आहे. दादाची पत्रं यायची त्या पाकिटांच्या कोपऱ्यात तो असायचा आणि तू ती पाकिटं पुस्तकात खूण म्हणून ठेवायचीस. वर्गात मी फळ्यापेक्षा तुझ्या पुस्तकाकडे जास्त बघितलं, हे सरांनाही माहीत होतं.

तू चार बोटांवर मोजून सांगितलं होतंस. फोन करायचा नाही, घरासमोर उभं राहायचं नाही, मैत्रिणींना विचारायचं नाही, पत्र लिहायचं नाही. पहिली दोन पाळली. तुझ्या नव्या हॉस्टेलचा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस, म्हणजे तिसऱ्याबद्दल मला खोटं बोलावं लागणार नाही.

कामाचं सांगतो. मावशी म्हणजे काय हे दादाने तुला सांगितलं असेलच, तरी माझ्या तऱ्हेने सांगतो. खालून बघितलं तर रणगाडाच. तीच साखळी, तीच चाकं, तेच इंजिन. पण वरचं तोफेचं डोकं काढून टाकलेलं. तोफेच्या जागी क्रेनचा हात, पुढे जमिनीत रोवून बसायला रुंद पातं, आणि पोटात विंचचा, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राचा, ड्रम. त्यावर दोन अंगठे जोडावेत एवढा जाड पोलादी दोर. चिखलात रुतलेल्या, बंद पडलेल्या रणगाड्याला कानाला धरून घरी आणणं एवढंच हिचं काम. स्वतः कुणाला मारत नाही, दुसऱ्यांची पोरं ओढून आणते, म्हणून शॉपमध्ये हिला मावशी म्हणतात. कागदावर तिचं लांबलचक नाव आहे, ते फक्त साहेब घेतात.

दर काही वर्षांनी या मावश्या आमच्याकडे येतात, आम्ही त्या खोलून, दुरुस्त करून परत पाठवतो. सतरा नंबरच्या विंचचं काम माझ्याकडे होतं. नीट केलं आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. फक्त दादाशी बोलणं झालं तर सहज सांग. गाडी ताब्यात घेताना दोर ड्रमवरून शेवटपर्यंत सोडून एकदा हात फिरवून बघ म्हणावं. मी सांगितलं म्हणू नकोस. माझं नाव निघालं तर तो मुद्दाम बघणार नाही.

एवढंच. उगाच आपलं डोक्यात आलं म्हणून लिहिलं. उद्या सकाळी पोस्टात टाकतो.

ता. क. तुझ्या नव्या नोकरीत टेबल खिडकीजवळ मिळालं का?


४ सप्टेंबर, गुरुवार, जेवणाची सुट्टी

तुला,

कालचं पत्र अजून वाटेतच असेल. ते पोचायच्या आत हे लिहितोय, कारण त्यात मी 'नीट केलं आहे' असं लिहिलं होतं.

आमच्याकडे दोराची तपासणी अशी असते. दोर ड्रमवरून सगळा सोडायचा, एकशे चाळीस मीटर. चाचणीचं आवार पन्नास मीटरचं, त्यामुळे पुढचा दोर वळणं घेत जमिनीवर अंथरावा लागतो. तिघांचं दीड तासाचं काम. मग जुन्या बनियनची चिंधी दोराभोवती सैल धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. आतली एखादी बारीक तार तुटली असेल तर ती काट्यासारखी बाहेर आलेली असते. ग्रीसमध्ये ती डोळ्याला दिसत नाही. चिंधी अडकते. मेस्त्री म्हणतात, "डोळा शहाणा असतो रे, त्याला जे बघायचंय तेच बघतो. चिंधी येडी. ती सगळीकडे अडकते."

मेस्त्री म्हणजे आमच्या विंच विभागाचे प्रमुख. बाबांचे जुने मित्र. मी प्रयोगशाळेत सरांसमोर मोजमापाचं व्हर्नियर भिंतीवर फेकून कॉलेज सोडलं, माफी मागायला नाही म्हटलं, तेव्हा मला कुणी दारात उभं करत नव्हतं. मेस्त्रींनी हाताला धरून आत आणलं. शॉपमध्ये माझं नाव 'कॉलेज' पडलंय. "ए कॉलेज, बावीसचा पाना आण." "कॉलेज, तुझ्या पुस्तकात हा नट गंजतो का?" पहिले दोन महिने राग यायचा. आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मीच मागे वळून बघतो, कुणाला बोलावतायत म्हणून.

तर अठ्ठावीस ऑगस्टला सतरा नंबरचा दोर मी ऐंशी मीटरपर्यंत तपासला. पुढचे साठ मीटर ड्रमवरच राहिले. वेळ नव्हता. तपासणीच्या कागदावर मात्र मी 'पूर्ण' लिहिलं आणि सही केली. माझ्या सहीखाली मेस्त्रींनी सही केली. त्यांनी बघितलं नाही. मी बघितलंय म्हटल्यावर ते बघत नाहीत, आणि शॉपमध्ये असं त्यांनी फक्त माझ्या बाबतीत केलंय.

नंतर ओढायची चाचणी झाली, ती पास झाली. पण ती पन्नास मीटरवर होते. आतल्या दोरावर तेव्हा भार येतच नाही. तो कधी येतो, तर रुतलेला रणगाडा लांब असला, मावशीला जवळ जाता आलं नाही, की. नदीकाठच्या गाळात, उदाहरणार्थ.

आता हे वाचून तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. म्हणून शपथेवर सांगतो. अठ्ठावीस तारखेला सतरा नंबर कुठे जाणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फळ्यावर आकडा चढला दोन तारखेला. मला माहीत असतं तर मी तो दोर जिभेने तपासला असता.

पाच ऑगस्टला तुमच्या घरासमोर मी दादाला जे बोललो ते तू वरून ऐकलंस. सगळ्या गल्लीने ऐकलं. तुझ्या चार अटी त्यानंतरच्या. मी सलग तिसऱ्या दिवशी गेटपाशी उभा होतो आणि तो सुट्टीवर आलेला माणूस, बनियनवर, हातात पाण्याची बादली घेऊन बाहेर आला. ओरडला नाही. म्हणाला, "घरी जा. कॉलेज सोडलंस, कामाला लागलास, चांगलं केलंस. आता हेही सोड." तो ओरडला असता तर मी निघून गेलो असतो गं. त्याच्या त्या शांतपणानेच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझं एक दिवस बरंवाईट होईल ना, ते माझ्या हातून झालेलं असेल."

बादली खाली ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं, जसं आजारी माणसाकडे बघतात.

रागात माणूस बोलतो. तू तरी हे समजून घे. आणि दादाला लवकर सांग.


८ सप्टेंबर, सोमवार

तुला,

दोन्ही पत्रं पोचली असतील. उत्तर नाही. आज दिवसभर फाटकावरच्या माणसाला चार वेळा विचारलं, माझं काही आलंय का. चौथ्यांदा तो म्हणाला, "बायको पळून गेल्यासारखं काय करतोयस? आलं की देतो ना."

सतरा नंबर शुक्रवारी मालगाडीवर चढली. मी लांबून बघितलं. चार साखळदंडांनी चार कोपऱ्यांत आवळली होती आणि विंचच्या तोंडावर ताडपत्री. या शुक्रवारी ती पोचेल. रवानगीचा कारकून सांगत होता, तुकडीचा नदीकाठी सराव आहे, पुढच्या सोमवारपासून, म्हणून तर एवढी घाई. मी त्याला विचारलं, गाडी ताब्यात घेताना ते लोक दोर तपासतात का. तो हसला. म्हणाला, "आपली सही असते ना. मग कशाला तपासतील?"

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगतो. तीनदा लिहून खोडलंय.

मी ऐंशी मीटरला थांबलो ते नुसता उशीर झाला म्हणून नाही. ऐंशीच्या जवळ चिंधी अडकली. सोडवली, पुढे सरकवली, पुन्हा अडकली. मग आणखी एकदा. हातभर जागेत तीन वेळा.

अडकली की थांबायचं. डिझेल आणि ब्रशने जागा धुवायची, तुटलेल्या तारा मोजायच्या. थोड्या असल्या तर कागदावर लिहायच्या, जास्त असल्या तर अख्खा दोर बाद. नवा दोर चढवायचा म्हणजे साडेसात-आठ वाजणार. घड्याळात सव्वाचार वाजले होते आणि नव्या नोकरीच्या गावी जाणारी तुझी बस साडेपाचला होती.

मी बोटावर ग्रीस घेतलं आणि त्या जागेवर थापलं, जखमेवर मलम लावावं तसं. हेल्परना म्हटलं, "झालं, गुंडाळा." त्यातला एक म्हणाला, "अजून बाकी आहे ना?" मी म्हटलं, "तुला जास्त कळतं का?" त्याने गुंडाळलं.

कागदावर रकाना असतो, 'तुटलेल्या तारा'. मी त्यात शून्य लिहिलं. वर शून्याच्या पोटात तिरकी रेघ मारली, कॉलेजात लागलेली सवय, वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून. एवढी काळजी मी घेतली बघ.

बसस्टँड म्हणजे तुमचं घर नव्हे, म्हणून दुसरी अट मोडली नाही, असं मी सायकलवर स्वतःला समजावत गेलो. फलाटाच्या खांबामागे उभा राहिलो. दादा तुझी बॅग टपावर चढवत होता. बॅगेचं एक चाक निघालं, ते त्याने शर्टाला पुसून खिशात टाकलं. तू हसलीस. बस निघेपर्यंत बारा मिनिटं मी तुला बघितलं. बारा मिनिटांसाठी साठ मीटर.

आमच्या आवाराच्या टोकाला एक जाड लोखंडी पत्रा उभा आहे. त्यावर कमरेच्या उंचीला आडवी चीर आहे, बोट जाईल एवढी. खूप वर्षांपूर्वी भारावर असताना दोर तुटला होता. तुटलेला दोर खाली पडत नाही, परत येतो. नवा माणूस लागला की मेस्त्री त्याला त्या पत्र्यापाशी नेतात, चिरेत बोट घालायला सांगतात आणि एक अक्षर न बोलता परत आणतात. मी बोट घातलेलं आहे.

ओढताना मावशीचा चालक आत असतो, जाड पोलादाच्या मागे. विंच चालवणाराही आत. बाहेर एकच माणूस उभा असतो, हातांनी इशारे द्यायला. तू मला एकदा फोटो दाखवला होतास. दादा, दोन्ही हात वर, वाहतूक पोलिसासारखा. आपण दोघं हसलो होतो.

शनिवारी बाजारातल्या दुकानातून तुकडीच्या ऑफिसला फोन लावला. नंबर रवानगीच्या कागदावरून उतरवून घेतला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "कोण बोलतंय?"

"वर्कशॉपमधून."

"नाव? विभाग?"

"नाव राहू द्या. तुमच्याकडे सतरा नंबरची गाडी येतेय, तिचा दोर..."

"इथे निनावी काही घेत नाही. लेखी पाठवा, सहीनिशी."

मी फोन ठेवला. दुकानदार माझ्याकडे बघत होता, म्हणून मी त्याच्याकडून एक साबण घेतला.

जेवण जात नाही. आई काल ताटाशी बसून म्हणाली, "पुन्हा तीच का?"

मी म्हटलं, "नाही गं. दोराचं आहे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कसला दोर? कसला दोर रे? बघ, काही भलतंसलतं करशील तर मी आधी विहीर जवळ करीन."

तिला समजावता समजावता अर्धा तास गेला. आज सकाळी बघतो तर अंगणातली कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा जागेवर नाही.

तू मला उत्तर देऊ नकोस. दादाला फोन कर फक्त. आजच.


११ सप्टेंबर, गुरुवार

तुला,

दोन्ही पाकिटं परत आली. न फोडलेली. वर शिक्का, 'घेण्यास नकार'. आठ तारखेचं मी अजून टाकलंच नव्हतं, ते माझ्याकडेच आहे.

पहिल्यांदा मी काय केलं ते सांगतो. शॉपच्या मागच्या नळाखालची बादली लाथेने उडवली. तुला मनातल्या मनात बरंच बोललो. म्हटलं, तुझ्याच भावाचा जीव आहे त्या पाकिटात आणि तू हातसुद्धा लावला नाहीस. मग ओल्या पायाने तिथेच बसलो आणि विचार केला, की तुला काय ठाऊक आत काय आहे? तू बरोबर केलंस. तू चार गोष्टी सांगितल्या होत्यास आणि त्यातली एकही मी धड पाळली नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती तू वाचणार नाहीस म्हणूनच सांगता येतेय. त्या मंगळवारी फळ्यासमोर मला भीती वाटली हे खरं आहे.  पण भीतीच्या मागोमाग, अगदी लगेच, दुसरंही काहीतरी वाटलं. बरं वाटलं. तुला लिहायला आता कारण आहे, असं कारण, की तू टाळूच शकणार नाहीस. मी ते पहिलं पत्र लिहिताना तीनदा फाडलं ते काय दोराबद्दल नीट लिहिता यावं म्हणून? अक्षर चांगलं यावं म्हणून. दादाचा जीव पाकिटात घालून मी तुझ्याकडे पाठवत होतो, आणि वर तुझं टेबल खिडकीजवळ आहे का विचारत होतो.

साहेबांची खोली आमच्या शॉपपासून चाळीस पावलांवर आहे. नऊ दिवस मी चाळीस पावलं न चालता दीडशे किलोमीटरवर पत्रं पाठवली.

का चाललो नाही तेही सांगतो. चूक केली म्हणून सांगणं वेगळं. नोकरी जाईल, जाऊ दे. पण ज्या माणसाला मी सगळ्या गल्लीसमोर धमकी दिली, त्याच माणसाच्या गाडीचा दोर, आणि त्यावर माझी सही. माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? मीच साहेब असतो तर मला आधी कोठडीत टाकलं असतं, मग प्रश्न विचारले असते. आणि मेस्त्रींचं काय? त्यांना निवृत्त व्हायला चार महिने राहिलेत. सगळ्या शॉपमध्ये एकाच पोरावर त्यांनी डोळे मिटून भरवसा ठेवला, तो मी.

उद्या शुक्रवार. उद्या गाडी पोचेल. सोमवारी दादा चिखलात उभा राहील, हात वर करून.

मी मघाशी अर्ज लिहिला. साधा, चार ओळींचा. 'सतरा क्रमांकाच्या वाहनाच्या दोराची तपासणी माझ्याकडून अपुरी राहिली आहे, तरी दोर बदलण्यात यावा.' उद्या मेस्त्रींना दाखवतो. त्यांना न सांगता त्यांच्या डोक्यावरून जाणं मला जमणार नाही.


१२ सप्टेंबर, शुक्रवार, दुपार

पाने-हातोड्यांच्या हत्यारखोलीत बसून लिहितोय. सगळे जेवायला गेलेत. हे पत्र टाकायचं नाही हे आता पक्कं आहे, पण दहा दिवस तुला सांगत आलो, तर शेवटचंही सांगून टाकतो.

सकाळी मेस्त्री गिअरबॉक्सचं झाकण पुसत होते. मला बघून म्हणाले, "काय रे कॉलेज, थोबाड असं का, रेडिएटर फुटल्यासारखं?"

मी सांगितलं. एका दमात, मध्ये न थांबता. ते पुसतच राहिले. पुसून झालेलं झाकण पुन्हा पुसलं.

"किती वेळा अडकली?"

"तीनदा."

"कुठे?"

"ऐंशीच्या जवळ. हातभर जागेत."

"आणि पुढे?"

"पुढे बघितलंच नाही."

ते ग्रीसच्या रिकाम्या डब्यावर बसले. पाळी चालू असताना मेस्त्री बसलेले मी कधी बघितले नव्हते. दोघं-तिघं जण माना वळवून बघायला लागले.

"खाली माझी सही आहे," ते म्हणाले.

"हो."

"मी बघितलं नव्हतं. तू बघितलंस म्हणून मी बघितलं नव्हतं."

"हो, मेस्त्री."

"नुसतं हो हो काय करतोस? बैल आहेस का?"

 मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुटेलच असं नाही. पन्नास-साठ मीटरमध्ये काम भागतं बऱ्याचदा."

"नदीकाठी?"

त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो बोटांत फिरवत राहिले, आणि शेवटी अगदी हळू म्हणाले, "मी तुझ्याबरोबर साहेबांकडे येणार नाही. माझ्यात नाही तेवढा धीर. या वयात, सगळ्यांसमोर. पण त्यांनी बोलावून विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. एवढंच जमेल मला."

मी त्यांच्याकडे बघितलं.  ज्या माणसाला आम्ही सगळे टरकून असतो, तो माणूस घाबरलेला बघणं मला सहन होईना. म्हणून मी अर्ज पुढे केला. त्यांनी हात लांब करून वाचला.

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "आज साहेबांच्या टेबलावर. सोमवारी निरीक्षण विभागात. ते तुकडीला पत्र लिहिणार, तुकडी उत्तर देणार, मग दोराची मागणी. दहा दिवस धर."

"सराव सोमवारी सुरू होतोय."

"कागदाला काय माहीत सराव?"

"साहेब फोन करतील ना पण?"

"अरे, तपासणी राहिली, बोल्ट ढिला, गॅस्केट चुकलं, असले अर्ज महिन्याला दहा येतात. दर अर्जाला फोन करत बसले तर साहेब काम कधी करणार?"

त्यांचं खरं होतं. मी अर्ज घेतला, फाडला, आणि तिथेच डब्यावर कागद ठेवून दुसरा लिहायला बसलो. मेस्त्री माझ्या खांद्यावरून वाचत होते. चिंधी तीनदा अडकल्याचं लिहिलं. वर ग्रीस थापल्याचं लिहिलं. शून्य खोटं आहे असं लिहिलं.  मग मी पुढे लिहिलं, की हे वाहन ज्या तुकडीला गेलं आहे, त्या तुकडीत दोरापाशी उभा राहणारा इसम माझ्या ओळखीचा असून, पाच ऑगस्ट रोजी त्याच्या घरासमोर मी त्याला जिवाची धमकी दिली होती. धमकीचे शब्द लिहिले. ऐकणारे लोक होते, तेही लिहिलं.

मेस्त्रींनी माझं मनगट धरलं.

"येडा झालास का? हे कोण विचारतंय तुला? दोर खराब आहे म्हण, चूक झाली म्हण, मोकळा हो. हे वाचलं तर साहेब काय करतील ठाऊक आहे?"

"काय करतील?"

"फाटक बंद करतील. तुला खोलीत बसवून बाहेर माणूस उभा करतील. आणि..."

त्यांनी साहेबांच्या खोलीकडे बघितलं.

"आणि फोन उचलतील," मी म्हटलं. "पाच मिनिटांच्या आत."

त्यांनी मनगट सोडलं. मग म्हणाले, "कॉलेजात शिकवतात होय असलं?"

"नाही, म्हणून तर सोडलं."

ते हसले नाहीत, पण चष्मा लावून त्यांनी अर्ज पहिल्यापासून पुन्हा वाचला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "इथे मीटर लिही. नुसतं ऐंशी म्हणजे काय? तिकडच्या माणसाला कुठे शोधायचं ते कळायला नको?" मी मीटर लिहिलं. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, आणि मला वाटलं ते सही करतायत. पण त्यांनी नुसतं टोपण लावून पेन माझ्या खिशात अडकवलं.

अर्जात तू नाहीस. लवकर का उरकलंस असं विचारतील, तर खासगी काम होतं म्हणेन. कितीही वेळा विचारलं तरी तेवढंच म्हणेन. धमकी कशावरून दिली असं विचारतील, तर माझं डोकं तापट आहे म्हणेन. हे कुणालाही पटेल. सरांना विचारा, बाबांना विचारा, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालाही विचारा.

दादाला कळेल. त्याला कुणीतरी ते शब्द वाचून दाखवेल, आणि तो तुला फोन करेल. तू काय समजशील ते मला ठरवता येणार नाही. मुद्दाम केलं आणि मग घाबरला, असंही तू समजशील. आतापर्यंत प्रत्येक पत्रात तुझ्याकडे काहीतरी मागत होतो. दादाला सांग, शपथेवर विश्वास ठेव, समजून घे. आता काही मागायचं सुचत नाही. दोर बदलला की बास.

खरं सांगू? मला भयंकर भीती वाटतेय. फोन लागला नाही तर? पलीकडे तोच माणूस असला आणि लेखी पाठवा म्हणाला तर? साहेबच म्हणाले, सोमवारी बघू, तर? आज शुक्रवार आहे, लोक शुक्रवारी कसे असतात ते मला माहीत आहे. मग मी तिथेच बसून राहीन. टेबलावर हात आपटीन. आयुष्यभर जिथे नको तिथे आरडाओरडा केला, एकदा कामाच्या जागी करून बघू.

साहेबांची गाडी फाटकातून आत आली. सायलेन्सरला भोक आहे, लांबून ओळखू येते. दोन वाजायला चार मिनिटं कमी. बाहेर मेस्त्री एकटेच परत आलेत. ते इकडे बघत नाहीत. पण शॉपच्या वाटेत सकाळपासून एक ट्रॉली आडवी पडली होती, ती त्यांनी दोन्ही हातांनी ओढून बाजूला घेतलीय, एकट्याने, कंबर धरून.

चाळीस पावलं.  एवढं वाक्य पुरं करतो, पेन ठेवतो, उठतो, बाहेर पडतो आणि हत्यारखोलीचं दार मागे ओढून घेतो.